लहान पवनचक्कीचा आवाज: खरेदीआधी समजून घ्या डेसिबल, अंतर आणि खांबाची उंची

शेतात किंवा वस्तीवर पवनचक्की बसवू इच्छिणारे शेतकरी साधारणपणे तीन प्रश्न विचारतात. वीज किती मिळेल? खर्च किती येईल? अनुदान आहे का? आवाज किती होईल, हे सहसा कोणी विचारत नाही. तो प्रश्न येतो चक्की बसवल्यानंतर, आणि बहुतेक वेळा शेजारच्या घरातून येतो.

काही वर्षांपूर्वी डाळिंबाची बाग पाहायला एका वस्तीवर गेलो होतो. बाग पाहून झाल्यावर शेतकऱ्याने घराच्या स्लॅबवर उभ्या केलेल्या लोखंडी पाइपाकडे बोट दाखवले. वर एक किलोवॉटची पवनचक्की होती, पण पाती दोराने बांधून ठेवलेली. चुलतभावाचे घर जेमतेम १५ मीटरवर. आषाढातल्या वाऱ्यात रात्रभर आवाज होत असे. आधी कुरबुर झाली, मग भांडण झाले आणि शेवटी चक्कीच बांधून ठेवावी लागली. यंत्र चांगले होते, वाराही होता. चुकली होती ती जागा.

आवाजाचा विचार खरेदीआधी केला, तर बहुतेक ठिकाणी हा प्रश्न सुटतो. तो कसा करायचा, ते पाहू.

आवाज येतो कुठून?

शेतावर वापरल्या जाणाऱ्या पवनचक्क्या साधारण ४०० वॉट ते १० किलोवॉट क्षमतेच्या असतात. त्यांचा आवाज दोन प्रकारचा असतो.

पहिला हवेचा. पात्याच्या मागच्या कडेवरून हवा सुटते तेव्हा 'सूं-सूं' असा आवाज होतो. हा आवाज मुख्यतः पात्याच्या टोकाच्या वेगावर अवलंबून असतो आणि त्या वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो. उदाहरण घ्या. ३ मीटर व्यासाची चक्की मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर पात्याचे टोक सेकंदाला सुमारे ४७ मीटर वेगाने फिरते. फेरे ४५० झाले की हा वेग ७० मीटरच्या पुढे जातो. वेग दीडपट होतो, पण आवाज जवळजवळ ९ डेसिबलने वाढतो. म्हणजे कानाला तो जवळपास दुप्पट वाटतो.

दुसरा यंत्राचा. जनित्राची गुणगुण, बेअरिंगची घरघर, शेपटीच्या बिजागरीची खडखड हे सारे यात येते. चक्की नवी आणि नीट बसवलेली असेल, तर हा आवाज कमी असतो.

पाणी उपसणाऱ्या जुन्या पवनचक्क्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा फरक लगेच कळेल. १९८० च्या दशकात देशात बऱ्याच ठिकाणी बसवलेल्या '१२ पीयू ५००' या चक्कीला १२ पाती होती आणि चक्राचा व्यास ५ मीटर होता. अशा बहुपाती चक्कीच्या टोकाचा वेग साधारण वाऱ्याच्या वेगाइतकाच असतो. त्यामुळे पात्यांचा आवाज फारसा येत नाही, येतो तो दांड्याचा आणि पंपाचा. वीज तयार करणाऱ्या तीन पात्यांच्या चक्कीत मात्र टोकाचा वेग वाऱ्याच्या पाच ते आठ पट असतो. म्हणून आकाराने लहान असूनही ती जास्त ऐकू येते.

भार सुटला की आवाज वाढतो

जनित्रातून वीज घेतली जाते तेव्हा पात्यांवर आपोआप लगाम बसतो. वीज घेणे थांबले की पाती मोकळी सुटतात, फेरे वाढतात आणि आवाजही वाढतो. आपल्याकडे असे दोन प्रसंग नेहमी येतात.

* बॅटरी पूर्ण भरते आणि जास्तीची वीज जिरवणारी हीटर कॉइल, म्हणजे डंप लोड, जळालेली किंवा सुटलेली असते.
* चक्की महावितरणच्या जाळ्याला जोडलेली असते आणि लाइट जाते. सुरक्षेसाठी इन्व्हर्टर लगेच बंद होतो, पण वारा चालूच राहतो.

म्हणून 'लाइट गेली की चक्की ओरडते' अशी तक्रार असेल, तर दोष पात्यांत शोधू नका. भार आणि वेगनियंत्रण आधी तपासा. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने ४०० वॉट ते १०० किलोवॉटपर्यंतच्या आठ चक्क्यांच्या आवाजाच्या चाचण्या २००३ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यातल्या ४०० वॉटच्या एका मॉडेलमध्ये जोराच्या वाऱ्यात वेग रोखण्यासाठी पाती फडफडू दिली जात. ते मॉडेल फार आवाज करत होते. त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रण आले आणि आवाज बराच खाली आला. तेव्हा आवाज किती होणार, हे ठरवण्यात वेग कसा रोखला जातो याचा वाटा मोठा असतो.

पत्रकावरचा आकडा कसा वाचावा?

एका कंपनीच्या पत्रकावर '९० डेसिबल' आणि दुसऱ्या कंपनीच्या पत्रकावर '४३ डेसिबल' लिहिलेले असेल, तर दुसरी चक्की शांत असे समजू नका. दोन्ही आकडे एकाच चक्कीचे असू शकतात. ९० हा यंत्रातून बाहेर पडणाऱ्या एकूण आवाजाचा आकडा असतो. ४३ हा ६० मीटरवर उभे राहिल्यावर कानापर्यंत पोहोचणारा आवाज असतो. बल्ब किती वॉटचा आहे आणि खोलीच्या कोपऱ्यात उजेड किती पडतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसेच हे आहे.

त्यामुळे आकड्यासोबत दोन गोष्टी लिहिलेल्या हव्यातच: किती अंतरावर आणि वाऱ्याचा वेग किती असताना. अमेरिकेतील लहान पवनचक्क्यांच्या २००९ च्या मानकात हे स्पष्ट ठरवले आहे. वर्षाचा सरासरी वारा सेकंदाला ५ मीटर धरायचा, अंतर चक्राच्या केंद्रापासून ६० मीटर धरायचे आणि ९५ टक्के वेळ आवाज ज्याच्या वर जात नाही तो आकडा द्यायचा. या पद्धतीने ७ मीटर व्यासाच्या एका प्रसिद्ध अमेरिकन चक्कीचा प्रमाणित आकडा ४२.९ डेसिबल आहे. पण ९५ टक्के वेळ म्हणजे सर्व वेळ नव्हे. वर्षातले उरलेले ५ टक्के, म्हणजे सुमारे १८ दिवसांइतके तास, आवाज यापेक्षा जास्त असू शकतो. आपल्याकडे हे तास बहुतेक पावसाळ्याच्या जोराच्या वाऱ्यातले असतात.

'अगदी सायलेंट' असे नुसते शब्द लिहिले असतील, तर त्या पत्रकावरून काहीच ठरवू नका.

अंतराचे साधे गणित

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने कमी होतो. ६० मीटरवर ४३ डेसिबल देणाऱ्या चक्कीचा अंदाज असा निघतो:

* १५ मीटरवर: सुमारे ५५ डेसिबल
* ३० मीटरवर: सुमारे ४९ डेसिबल
* ६० मीटरवर: सुमारे ४३ डेसिबल
* १२० मीटरवर: सुमारे ३७ डेसिबल
* २४० मीटरवर: सुमारे ३१ डेसिबल

हे अंतर चक्राच्या केंद्रापासून कानापर्यंतचे तिरके अंतर आहे. म्हणजे खांब उंच केला की जवळच्या घरालाही थोडा फायदा होतो.

डेसिबलची बेरीज साधी नसते, हेही लक्षात ठेवा. ४३ डेसिबलच्या दोन सारख्या चक्क्या शेजारी बसवल्या, तर आवाज ८६ होत नाही, ४६ होतो.

नियम काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. पवनचक्की रात्रीही चालते, म्हणून हिशेब नेहमी रात्रीच्या ४५ चा करा. वरच्या यादीतली चक्की १५ किंवा ३० मीटरवर ही मर्यादा ओलांडते आणि ६० मीटरवर आत राहते. डाळिंबवाल्या वस्तीवर भांडण का झाले, याचे उत्तर यातच आहे.

तुलनेसाठी, २००५ पासून बनलेल्या डिझेल जनरेटर संचांना (१००० केव्हीएपर्यंत) कॅनोपीपासून १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. जनरेटर चक्कीपेक्षा मोठा आवाज करतो, पण तो तास-दोन तासांत बंद होतो. चक्की वारा असेपर्यंत थांबत नाही. लोकांना खुपते ते हे न थांबणे.

रात्र, ऋतू आणि ऊस

तोच आवाज कधी जाणवतो, तर कधी जाणवत नाही. आजूबाजूला आधीच किती आवाज आहे, यावर ते ठरते. पावसाळ्यात वारा, पाऊस आणि झाडांची सळसळ यांत चक्कीचा आवाज बराच बुडून जातो. हिवाळ्याच्या रात्री उलटे घडते. जमिनीजवळ हवा स्थिर असते, वस्ती गप्प असते, पण खांबाच्या उंचीवर वारा वाहत असतो. अशा रात्री ३५ डेसिबलचा आवाजही स्पष्ट ऐकू येतो.

उभ्या उसाची सळसळही आवाज झाकते. ऊस तुटून शेत मोकळे झाले की 'चक्कीचा आवाज वाढला' असे शेजारी म्हणतात. चक्की तीच असते, झाकण निघालेले असते. आवाज अडवण्यासाठी झाडांची एक-दोन ओळींची पट्टी लावण्याचा सल्ला काही जण देतात. अशा पट्टीने आवाज फारसा अडत नाही. उलट ती झाडे चक्कीजवळ असतील, तर वारा बिघडतो.

वाऱ्याची दिशाही पाहा. आवाज वाऱ्याच्या दिशेने दूरवर जातो आणि वाऱ्याविरुद्ध लवकर विरतो. महाराष्ट्रात पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे खांबाच्या पूर्वेला असलेल्या घरांना जास्त आवाज येईल. शक्य असेल तेथे खांब घराच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला घ्यावा. घाटमाथ्यावर आणि डोंगरउतारावर वारा स्थानिक वळण घेतो. तेथे वर्षभर स्वतः पाहूनच दिशा ठरवा.

जागा आणि खांब: आवाज व वीज, दोन्हींचा एकच उपाय

घर, झाड किंवा टेकाडाच्या आडून आलेला वारा भोवऱ्यासारखा असतो. अशा वाऱ्यात पाती धक्के खातात, चक्की सारखी दिशा बदलते, वीज कमी मिळते आणि आवाज वाढतो. म्हणून जी जागा विजेसाठी चांगली, ती आवाजासाठीही बहुधा चांगली असते.

* पात्याचे खालचे टोक १५० मीटर परिसरातील सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा किमान ९ मीटर उंच ठेवा.
* कोणत्याही राहत्या घरापासून किमान ६० मीटर अंतर ठेवा. शेजाऱ्याचे घर असेल, तर १०० मीटरचा प्रयत्न करा.
* खांब पडलाच, तर घर, रस्ता, गोठा किंवा विजेच्या तारांवर पडणार नाही इतके अंतर हवेच.
* स्लॅबवर, पत्र्यावर किंवा घराच्या भिंतीला चक्की बसवू नका. खांबातून कंपन घरात उतरते आणि खोली गुणगुणू लागते. रबराचे पॅकिंग लावून हे पूर्ण थांबत नाही. शिवाय छतावरचा वारा भोवऱ्याचा असतो.

उभ्या अक्षाच्या चक्क्या 'बिनआवाजाच्या' म्हणून विकल्या जातात. त्यांचा टोकाचा वेग कमी असल्याने त्या बहुधा शांत असतात, हे खरे. पण तेवढ्याच आकारात त्या वीजही कमी देतात. शांततेची किंमत युनिटमध्ये मोजून मगच निर्णय घ्या.

लांब खांब म्हणजे जाड केबल

चक्की दूर नेली की केबलचा खर्च वाढतो. बहुतेक जण येथेच मन बदलतात आणि खांब घराजवळ आणतात. आधी हिशेब करून पाहा. १ किलोवॉटची चक्की ४८ व्होल्ट डीसीवर असेल, तर पूर्ण क्षमतेला सुमारे २१ अँपिअर प्रवाह वाहतो. अंतर ६० मीटर म्हणजे जाऊन-येऊन १२० मीटर तार. तांब्याची १० चौरस मिलीमीटरची केबल घातली, तर सुमारे साडेचार व्होल्ट, म्हणजे ९ टक्क्यांहून जास्त दाब वाटेतच जातो. २५ चौरस मिलीमीटरची घातली, तर ही घट ४ टक्क्यांच्या आत येते, पण खर्च बराच वाढतो.

दुसरा मार्ग असा. बॅटरी, चार्ज कंट्रोलर आणि इन्व्हर्टर खांबाजवळ छोट्या, हवेशीर, कुलपाच्या खोलीत ठेवा आणि घरापर्यंत २३० व्होल्ट एसी न्या. त्याच एक किलोवॉटला मग साडेचार अँपिअरच्या आत प्रवाह लागतो आणि केबल बारीक चालते. मोटार शेड किंवा पॅकिंग शेड घरापासून लांब असेल, तर त्याच्याजवळची मोकळी जागा यासाठी सोयीची पडते.

जनावरे आणि कोंबड्या

गाई-म्हशींच्या दुधावर परिणाम होईल का, असे बरेच जण विचारतात. गाईला माणसापेक्षा जास्त उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात, सुमारे ३५ हजार हर्ट्झपर्यंत. त्यामुळे शिट्टीसारखा तीव्र आवाज तिला आपल्याआधी टोचतो. सतत एकसारख्या येणाऱ्या आवाजाला जनावरे काही दिवसांत सरावतात. बिथरतात ती अचानक होणाऱ्या आवाजाने: शेपटीचा धाडकन आवाज, पात्यांची फडफड, सुटलेल्या पत्र्याची खडखड. कुक्कुटपालनात ही काळजी जास्त घ्यावी. अचानक दचकलेल्या कोंबड्या एका कोपऱ्यात गर्दी करतात आणि चेंगरून मरतात. गोठा आणि शेड यांनाही घरासारखेच अंतर द्या आणि चक्की शक्यतो नवीन बॅच येण्यापूर्वी सुरू करा.

आवाजावरून दोष ओळखा

* एकसारखी सूं-सूं: नेहमीचा आवाज. काळजीचे कारण नाही.
* हेलिकॉप्टरसारखी फडफड: वेग फार वाढला आहे. भार, डंप लोड आणि ब्रेक तपासा.
* शिट्टी: पात्याच्या कडेला खाच किंवा भेग, किंवा ताणाच्या तारेचा आवाज.
* घरघर, कुरकुर: बेअरिंग. दुर्लक्ष केल्यास जनित्र जाते.
* खडखड: सैल बोल्ट किंवा शेपटीची झिजलेली बिजागरी.
* ठरावीक वेगालाच येणारी गुणगुण: खांबाचा कंप. तारांचा ताण तपासून घ्या.
* प्रत्येक फेऱ्याला एक ठोका: पाती असमतोल. एखादे पाते झिजले किंवा त्यावर माती-किडे चिकटले असतील.

आवाजात अचानक बदल झाला, तर चक्की थांबवून तपासणी करा. थांबवण्याची पद्धत उत्पादकाने सांगितलेलीच वापरा. काही चक्क्यांत जोराच्या वाऱ्यात ब्रेक स्विच दाबल्यास जनित्राची वेटोळी जळतात. चालू चक्कीच्या खांबावर कधीही चढू नका.

मोबाइलवर मोजणी कशी करावी?

मोबाइलमधील डेसिबल मोजणारे ॲप कायदेशीर पुराव्यासाठी चालत नाही, पण तुलनेसाठी उपयोगी आहे.

१. रात्री ११ नंतर, शेजाऱ्याच्या घराबाहेर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर मोजा.
२. माइकवर थेट वारा लागू देऊ नका. स्पंजचा तुकडा लावा, नाहीतर ॲप वाऱ्याचाच आवाज मोजेल.
३. चक्की चालू असताना १० मिनिटे आणि थांबवून १० मिनिटे सरासरी घ्या.
४. फरक ३ डेसिबल आला, तर चक्कीचा आवाज परिसराच्या आवाजाइतका आहे. फरक १ डेसिबलच्या आत असेल, तर तक्रारीला फारसे कारण नाही. ८-१० डेसिबल आला, तर कारण नक्की आहे.

ही मोजणी शेजाऱ्याला सोबत घेऊन करा. आकडा दोघांनी एकत्र पाहिला की वाद निम्मा होतो.

खरेदीआधी विक्रेत्याला विचारा

* आवाजाचा आकडा किती अंतरावरचा आणि किती वाऱ्याचा आहे?
* चाचणी कोणी केली? अहवाल दाखवता का?
* पूर्ण वाऱ्यात फेरे किती होतात आणि वेग कसा रोखला जातो?
* लाइट गेल्यावर किंवा बॅटरी भरल्यावर भार कुठे जातो?
* याच मॉडेलची चालू चक्की जवळपास कुठे पाहायला मिळेल?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तेथे वारा असलेल्या दिवशी, संध्याकाळनंतर जा. ६० मीटरवर जाऊन पाच मिनिटे गप्प उभे राहा. जमल्यास शेजाऱ्यालाही सोबत न्या. आणि तुमच्या जागेवर खांबाच्या उंचीला वर्षाचा सरासरी वारा सेकंदाला ५ मीटरपेक्षा कमी असेल, तर आवाजाचा विचार करण्याची गरजच नाही. तेथे सौर पॅनेल घेणे बरे.

त्या वस्तीवर पुढे काय झाले?

चक्की स्लॅबवरून काढली. बांधाकडेच्या मोकळ्या जागेत, दोन्ही घरांपासून ७० मीटरच्या पुढे, १८ मीटरचा खांब उभा केला. बॅटरी आणि इन्व्हर्टर तेथील मोटार शेडमध्ये गेले. खांब आणि पाया यांचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागला, तो टाळता आला असता. पण उंची वाढल्यामुळे वीज आधीपेक्षा जास्त मिळू लागली. चुलतभावाच्या अंगणात आता वारा असला की आवाज ऐकू येतो, पण कान देऊन ऐकला तरच.

खड्डा खणण्याआधी ६० मीटरचा टेप घ्या, घराच्या भिंतीपासून मोजायला सुरुवात करा आणि जिथे टेप संपेल, त्याच्या पुढे खांबाची जागा शोधा.